रोज लेकीच्या गावी विमान उतरवणारा माणूस

माझा नवरा विमानात बसायला घाबरायचा.

हे वाचून शिवाजी पेठेतली निम्मी माणसं हसतील. कारण हाच माणूस रोज सकाळी पूजा आणि नाष्टा आटोपला की कॉम्प्युटरवर जगातल्या अवघडातल्या अवघड एअरपोर्टवर विमान उतरवायचा.

रिटायर झाल्यावर फ्लाइट सिम्युलेटरचं वेड लागलं. दोन्ही हातांनी धरायचं स्टिअरिंगसारखं दांडकं आणलं, पायाखाली पेडल आणली. माझ्या शिलाई मशीनची जागा गेली ती गेलीच.

नेपाळातलं लुक्ला त्यांचं लाडकं. रनवे एवढासा, तोही चढाचा, आणि टोकाला डोंगराची भिंत.
"हितं माघारी फिरायची सोय न्हाय. एकदा निघालं की टेकवायचंच," असं मला भाजी निवडताना ऐकवायचे.

मित्र चहाला यायचे. विमान डोंगराला धडकलं की ओरडायचे, "आण्णा, पाडलंसा की सगळी पावणं!"
मग हे पुन्हा पहिल्यापासून. हार मानणं रक्तातच नव्हतं.

आमची लेक अश्विनी न्यूझीलंडला, क्वीन्सटाऊनला असते. जावई केरळचे. लग्न तिनं स्वतः ठरवलं. हे लग्नाला आले, पण जेवले नाहीत.
तो राग नंतर गेला. खरंच गेला. जावयाला फोनवर "काय पावणं, जेवला का?" म्हणून कोल्हापुरी शिकवायचे.

पण लेकीकडं गेले नाहीत.

ती दर सुट्टीला विचारायची, "पप्पा, तिकिटं काढू?"
"गुडघा लई दुखतोय गं. एवढा वेळ बसवत न्हाय."
"कॉम्प्युटरसमोर बरं बसवतं तुम्हाला!"
यावर हे गप्प. तिनं त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. नातेवाईकांनी तर कधीच लावला होता, की परजातीचा जावई म्हणून बाप जात नाही.

एकदा पोरीनं न विचारता तिकिटं काढलीच. इथून मुंबई, मुंबईहून पुढं.
मी चटण्या बांधल्या, तिखट बांधलं. आम्ही उजळाईवाडीला एअरपोर्टवर पोचलो. बॅगा द्यायच्या रांगेत यांनी खांब धरला. शर्ट घामानं भिजलेला.

"मला न्हाय जमायचं. घरला चल."
"अहो, तुम्ही रोज विमान उडवता की!"
"तिथं दांडकं माझ्या हातात असतंय. हितं कुणाच्या हातात हाय? त्याचं तोंड तरी दिसतंय का?"

परतताना रिक्षात माझा हात धरला. "तुला अंबाबाईची शप्पथ हाय. अशूला कळता कामा न्हाय. पेठेत तोंड दावाय जागा उरायची न्हाय मला."
मी शपथ घेतली. लेकीला कळवलं, गुडघा.

त्यानंतर लुक्ला सुटलं. हे क्वीन्सटाऊन शिकायला लागले.

सोपं नाही ते. दोन्ही बाजूंना डोंगर, मधल्या दरीतून वळत खाली यायचं, वाऱ्याचा भरवसा नाही. निघतानाही तेच. चाकं उचलली की समोर डोंगर. किती वेळा आपटले. पण शिकले.
नंतर मला हाक मारायचे, "ये, बघ, तिच्या घरावरनं चाललोय." स्क्रीनवर तळ्याकाठी बारकी बारकी छपरं दिसायची. त्यातलं एक आपलं.

सिम्युलेटरमध्ये तिकडचं खरं हवामान येतं म्हणे. म्हणून हुकूम सुटायचा, "आज वारं लई हाय. अशूला फोन कर, स्वेटर घाल म्हणावं."
मी फोन करायचे. ती विचारायची, "आई, तुला कसं कळतं गं?"
मी विषय बदलायचे.

मागच्या वर्षी यांना न्यूमोनिया झाला. आयसीयूत तोंडाला मास्क होता. लेक निघाली होती, वाटेत होती. मला आत सोडलं तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाले, "सुटली."
मला वाटलं, सलाईनची सुई सुटली. मी सिस्टरला हाका मारल्या. तिनं हात बघितला, नळी बघितली.
"काकू, सलाईन नीट आहे."
हे पुन्हा म्हणाले, "सुटली." मी म्हटलं, "नाही हो, नीट आहे. झोपा."
त्यांनी डोळे मिटले. लेक पोचायच्या आत गेले.

गेल्या आठवड्यात वर्षश्राद्धासाठी गडहिंग्लजहून माझी थोरली बहीण, अक्का आली. भाकरी करताना मी सहज विचारलं, "नवऱ्यानं घातलेली शपथ नवरा गेल्यावर सुटती का गं?"
"न्हाय. ज्यानं घातली त्यानंच सुटली म्हणायला पायजे की. पावणं जाताना म्हणालं व्हतं काय?"

माझी भाकरी तव्यावर करपली.

लहानपणी आपण सगळ्यांनीच एकमेकांना म्हटलंय, शपथ सुटली म्हण. आणि मी शहाणी सुई शोधत बसले. त्यांना लेकीला सांगायचं होतं, ते मी वर्षभर पोटात धरून बसले. वर्षभर ती पोर समजत होती, बाप राग मनात धरूनच गेला.

काल तिला फोनवर सगळं सांगितलं. एअरपोर्टवरचा खांब, रोजचं क्वीन्सटाऊन, स्वेटर.
आज तुम्हाला सांगते, कारण चार लोक चार गोष्टी बोलले होते. जावयाचा काही दोष नव्हता. माझा माणूस घाबरला होता, बस.

लेक म्हणाली, "आई, मी आले असते की न्यायला. शेजारच्या सीटवर हात धरून बसले असते."

अहो, ऐकलंत?
एवढंच करायचं होतं.

भरल्या डोळ्यांनी नमस्कार तुम्हा सगळ्यांना.