आबा न्यायला यायचे

मी जर्मनीला का निघाले, याची कारणं आमच्या कसबा बावड्यात लोकांनी माझ्याआधीच ठरवून टाकली होती. काका म्हणाले, पगार. आत्या म्हणाली, लग्न जमत नाही म्हणून. मी पगारावर मान डोलावली. त्या कारणावर कुणी वाद घालत नाही. माझ्या वडिलांनी, आबांनीही घातला नाही.

खरं कारण आबाच होते. ते त्यांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती.

मी नर्स. नऊ वर्षं आबांनी मला ड्युटीला सोडलं आणि न्यायला आले. सुटायच्या आधी पंधरा मिनिटं त्यांची स्कूटर दवाखान्याच्या गेटवर हजर, मग अंगात ताप का असेना. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. होतेच. पण एकटीनं रंकाळा तलावावर जाऊन बसायचं तर घरी काय सांगायचं, हा प्रश्न मला तिशी उलटल्यावरही पडायचा.

एकदा एका पेशंटची तब्येत बिघडली आणि मला तासभर उशीर झाला. आबा थेट वॉर्डात. मी तिथली इनचार्ज, हाताखाली सहा मुली, आणि दारातून खणखणीत आवाज: "माझी पोरगी कुठं हाय? अजून सोडली न्हाय व्हय?" पेशंटसुद्धा हसले. मला भयंकर राग आला, आणि कुणाची चूकच नसल्यामुळं भांडताही येईना. त्याच आठवड्यात मी जर्मनच्या क्लासला नाव घातलं. क्लासलाही आबांनीच सोडलं.

इथं जर्मनीत येऊन आठ महिने झाले, तेव्हा एका रविवारी व्हिडिओ कॉलवर आबा म्हणाले, "पगार हितंबी वाढला असता की. ये आता माघारी."

खोटं बोलायचा कंटाळा आला होता. सांगून टाकलं. "आबा, मी पगारासाठी न्हाय आले. मला एकटीनं जायचं-यायचं होतं. कुठं गेलतीस, असं कुणी न विचारता." बोलताना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

आबा दुखावल्यासारखे म्हणाले, "मी काय जाच केला व्हय तुला? तुझ्या आईलाबी चाळीस वर्षं असंच नेतोय-आणतोय. ती कवा काय म्हणाली न्हाय."

आई पडद्यावर दिसत नव्हती. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला कवा इचारलंसा?" ती म्हणाली.