नव्वदीपारचा डॉलर आणि कानाची मशीनं

अलकनंदा रणपिसेला डाव्या कानानं जन्मापासूनच कमी ऐकू येतं. नवरा दिलीप केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून पुणं सोडून ती दिल्लीतल्या द्वारकेला आली. बारा वर्षं तिनं दुसऱ्यांची कानाची मशीनं विकली. मग नोएडात एक गाळा भाड्यानं घेऊन, तीन कारागीर ठेवून ती स्वतःच मशीनं जोडायला लागली. वरचं कवच इथलं, पण चिप आणि तांदळाएवढा स्पीकर परदेशी.

उन्हाळ्यात एका कर्णबधिर शाळेनं दोनशे मशीनं मागवली. डॉलर पंच्याऐंशीच्या आसपास होता, त्या हिशेबानं भाव ठरला. शाळेला देणगी मिळून परदेशी भाग मागवायला डिसेंबर उजाडला. तोवर डॉलर नव्वदीपार गेला आणि मशीनमागे जे काही उरणार होतं ते त्यातच गेलं.

शंकर हा तिचा जुना कारागीर. त्यानं बाजारातून निम्म्या किमतीचा स्पीकर आणला. तिनं तो आपल्याच कानातल्या मशीनमध्ये बसवला, शंकरला पाठीमागं उभं केलं आणि एकेक शब्द बोलायला सांगितला. तो ‘ताल’ म्हणाला, तिला ‘दाल’ ऐकू आलं. ‘पल’चं ‘बल’ झालं. तिनं स्पीकर काढून परत दिला.

घरी दिलीपचं म्हणणं पडलं, की इतका बारीक फरक कोणाला कळणार आहे?

“मोठी माणसं अंदाजानं भागवतील,” ती म्हणाली. “पण ही मुलं जे ऐकतील तेच बोलायला शिकतील.”

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत जाऊन सगळं खरं सांगितलं. भाव वाढवणं शाळेला शक्य नव्हतं. शेवटी एकशेतीस मशीनं नवी आणि सत्तर जुनी दुरुस्त केलेली, गॅरंटी सारखीच, असं ठरलं.

जुनी मशीनं मिळवायला तिनं द्वारकेतल्या सोसायट्यांत नोटिसा लावल्या. गेलेल्या सासऱ्यांची, आजींची मशीनं लोकांच्या कपाटांत पडून होती, फेकवत नव्हती. एका बाईंनी डबी हातात दिली, परत घेतली, पुसली आणि मग दिली. दीड महिन्यात शंभराच्या वर जमली. त्यांतले चांगले स्पीकर काढून सत्तर मशीनं उभी राहिली.

फेब्रुवारीत सगळा माल पोचला. हाती काही उरलं नाही. तिघांपैकी एका कारागिराला कामावरून कमी करावं लागलं, ते तिला फार लागलं. त्याच्यासाठी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तिनंच शब्द टाकला.

आता गाळ्यातलं निम्मं काम दुरुस्तीचं असतं. नव्या मशीनचं कोटेशन मागितलं, तर ती खाली लिहिते, ‘हा भाव फक्त पंधरा दिवस.’