मान न वळवणारा वारू

मी मराठी शिकवतो. ‘वारू म्हणजे घोडा’ हे मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. हा शब्द कुणाच्या बोलण्यात मात्र मी एकदाच ऐकला, श्रीरामपुरात, पुतण्याच्या लग्नात.

नवरदेव मारुतीच्या देवळाकडे निघाला होता. घोडेवाल्याने घोड्याच्या कानांत कापसाचे बोळे घातले होते. “काढा ते, फोटोत दिसतात,” असे मीच म्हणालो. त्याने बोळे काढले. मग डीजेपुढे तो सगळी वाट एका हाताने लगाम धरून, दुसऱ्या तळव्याने घोड्याचा कान झाकत चालला.

देवळापाशी नवरदेव उतरल्यावर घोडेवाल्याने झूल काढली, घोडा चिंचेखाली मोकळा सोडला आणि हळूच हाक मारली, “वारू!”

“अहो, हा तर कवितेतला शब्द!” मी हरखून म्हणालो.

“आमच्या घरातला हाय, सर. झूल हाय तवर घोडं, उतरवली की वारू. लई लांबून हाकारलं तरी पळत येतो.” त्याने घोड्याकडे पाहिले. “आज मान पन वळवंना. कानठळ्या बसल्यात त्याच्या.”

अजूनही वर्गात ‘वारू’ असलेली कविता आली की चिंचेच्या कवडशांत तो पांढरा घोडा पाठमोरा उभा राहतो. अर्थ सांगण्याआधी मी तो शब्द हळूच उच्चारतो आणि जरा वेळ थांबतो.