मशीनवाले अण्णा

दवाखान्यांची मशीनं दुरुस्त करणाऱ्यांकडे किस्से आपोआप साठतात. मशीन बंद पडलेलं असतं, डॉक्टर चिडलेले असतात, नातेवाईक दारात उभे असतात आणि आपण जमिनीवर पालथं पडून हरवलेला स्क्रू शोधत असतो. अशा वेळी माणसं जे बोलतात ते विसरता येत नाही. नांदेडला अण्णांच्या दुकानात आम्ही तिघं होतो. मालक अण्णा, मूळचे उदगीरचे. एक्स-रेवाला रहीम. आणि मी. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले निम्मे दवाखाने आमच्या भरवशावर चालायचे, असं अण्णा म्हणायचे. रहीम म्हणायचा, "आणि उरलेले देवाच्या!"

मी आता ऑस्ट्रेलियात असतो. त्या मंगळवारी हॉस्पिटलच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये मी सलाईनचे पंप तपासत होतो. रहीमचा फोन आला. रहीम कधी फोन करत नाही, लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतो.

"सतीश, अण्णा गेले यार. डोक्यातली नस फुटली. दुकानात, खुर्चीतच."

तो म्हणाला, "मातीला..." आणि थांबला. "जाऊ दे. कसा येशील तू."

हातातला पंप तपासून झाला नव्हता. तो मी पूर्ण केला.

तिसऱ्या दिवशी रहीमने अण्णांच्या घरून व्हिडिओ कॉल लावला. सतरंजीवर दोन्ही जिल्ह्यांतली माणसं बसली होती आणि एकामागून एक अण्णांचे किस्से सांगत होती. अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, भिंतीला टेकून ऐकत होत्या. एकदोनदा हसल्यासुद्धा. मग त्यांनी फोन आपल्याकडे ओढला.

"डॉक्टर म्हणले, बीपी लई वर्षांपासून वाढलेलं असणार. तुम्ही दोघं दिवसभर त्यांच्यासंगं असायचे. कुणालाच काही समजलं न्हाई व्हय रे?"

रहीम खाली बघत होता. मी म्हणालो, "आवाज तुटतोय, अक्का."

तेवढ्यात कुणीतरी पुढचा किस्सा सुरू केला.

*

परदेशात बायोमेडिकल इंजिनिअर हवे आहेत, ही बातमी दुकानात आणली अण्णांनीच. एका कंपनीच्या माणसाकडून ऐकून आले आणि चप्पल काढायच्या आत म्हणाले, "इंजिनेर, तू जा. मी उद्या नको म्हणलो तरी ऐकू नको."

मग इंग्रजीच्या परीक्षेची तयारी. बोलण्याच्या परीक्षेत समोरचा विषय देतो आणि आपण दोन मिनिटं बोलायचं. सरावाला परीक्षक म्हणून अण्णा. विषय निघाला, तुम्हाला आदर वाटतो अशी एक व्यक्ती. मी बोललो. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "माणूस लई चांगला दिसतोय. कोण हाय रे?"

रहीम म्हणाला, "तुम्हीच की!"

अण्णा दचकले. "मग बदल. मार्क कापतील!"

*

तिकडची संस्था अनुभवाची खात्री करून घेते. एके सकाळी अण्णांच्या मोबाईलवर थेट फोन आला. पलीकडे एक बाई. अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मगच बोलायला सुरुवात केली. मी किती वर्षं काम करतो, कोणती मशीनं हाताळतो, सगळं नीट सांगितलं. शेवटी तिने विचारलं, काम कसं आहे?

अण्णा म्हणाले, "व्हेरी गुड इंजिनिअर, मॅडम. व्हेंटिलेटर, डायलिसिस, ऑल ओके. सो प्लीज डोन्ट टेक!"

पलीकडून, "सॉरी?"

अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

"नथिंग, मॅडम. टेक."

*

इथे आल्यावर मुलाखत झाली. समोर तिघं. एकाने विचारलं, एखादं मशीन दुरुस्त करूनही पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर सगळ्यात आधी काय तपासाल?

छापील उत्तर मला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते दुकानातलं: "आधी पाल बघेन."

अहमदपूरच्या एका दवाखान्यात एक्स-रेचं मशीन सारखं बंद पडायचं. आतल्या उबेला पाल शिरून सर्किट बोर्डवर चिकटून मरायची आणि स्वतःबरोबर मशीनही घेऊन जायची. तिथे गेलं की अण्णा आधी झाकण ठोकायचे आणि म्हणायचे, "बाई, भाडं द्या न्हाईतर खोली खाली करा!"

हे सगळं मी इंग्रजीत समजावलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. तिसरा, पिकल्या दाढीचा, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या गरम भागात काम केलेला होता. तो म्हणाला, "तिकडे माझे दोन मॉनिटर पालींनीच खाल्ले!"

त्या रात्री अण्णांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "बघ, पाली सगळीकडं सारख्याच. माणसंच येगळी."

*

इथे बोर्ड दुरुस्त करत नाहीत. जुना काढायचा, नवा बसवायचा. पहिल्याच आठवड्यात एक जळका बोर्ड मी घरी नेण्यासाठी बाजूला ठेवला, तर साहेबाने तो हसत उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला.

अण्णांना सांगितलं.

"फेकला?"

"हो, अण्णा."

"अख्खा?"

"अख्खा."

ते मागे वळून ओरडल्याचं ऐकू आलं, "रहीम, ऐकलंस का? ह्याच्या गावच्या कचऱ्यावर आपले दोन जिल्हे चालतील!" मग माझ्याशी, आवाज खाली आणून, "जेवण तरी धड करून राहिलास का रे तिकडं?"

*

निलंग्याचा किस्सा त्या दिवशी सतरंजीवर कुणी सांगितला नाही. तो फक्त रहीमला आणि मला माहीत आहे.

अण्णांचा एक नियम होता. दुरुस्त केलेलं मशीन पेशंटच्या आधी आपल्या अंगाला लावायचं. "आपल्याला लावाया भीती वाटली तर समजायचं, काम झालं न्हाई," असं म्हणायचे.

निलंग्याच्या एका दवाखान्यातलं बीपीचं मशीन मी दुरुस्त केलं होतं. अण्णांनी बाही वर केली, दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला, हळूहळू सुटला आणि वरचा आकडा दोनशेला टेकला.

"इंजिनेर, काय दुरुस्त केलंस रे? हे तर हत्तीचं बीपी सांगून राहिलंय!"

मी मशीन उघडलं. व्हॉल्व्ह स्पिरिटने पुसला, रबराची नळी बदलली. पुन्हा अण्णांच्या दंडाला लावलं. आकडा आणखी वर.

"आता तर पार बिघडवलंस! सरक."

या वेळी त्यांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. पिशवीतल्या जुन्या मशीनचा सेन्सर काढून याला बसवला. हात तेलकट झाले होते, म्हणून म्हणाले, "रहीम, तू बस."

रहीमचं बीपी आलं एकशे वीस. मग मला बसवलं. तेवढंच.

अण्णा लहान पोरासारखे खूश झाले. "हे बघा! ह्याला म्हणतात दुरुस्ती. डिग्री भिंतीला लावायची असती, मशीनला न्हाई!"

बाहेर पेशंट थांबले होते. सिस्टर आल्या आणि मशीन घेऊन गेल्या. आम्ही हात धुतले आणि लातूरची एसटी पकडली. औशापर्यंत अण्णा शेजारच्या माणसाला तेच सांगत होते, इंजिनिअरला न जमलेलं मशीन आपण कसं ताळ्यावर आणलं ते. रहीम आणि मी पोट धरून हसत होतो.

अण्णांच्या दंडाला ते मशीन परत लावून बघायचं राहून गेलं.