चरबीला थंडी वाजते

आमच्या मेहुण्यांइतका दुसऱ्याच्या पोटाविषयी आदर बाळगणारा माणूस अख्ख्या भोपाळात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. राहतात अवधपुरीत, पण जीव सगळा प्रयोगशाळेतल्या चरबीच्या पेशींत. लग्नात लोक नवरीचे दागिने बघतात, हे वरपित्याचा घेर बघतात आणि अदबीनं विचारतात, "एखादं ऑपरेशन वगैरे ठरलंय का हो?" पोहे-जिलबी समोर आली, की रक्तातली साखर प्रथिनांना चिकटून त्यांना कशी नासवते आणि अशी प्रथिनं चरबीच्या पेशींना कशी बिथरवतात, मग त्या इन्सुलिनचं कशा ऐकेनाशा होतात, हे जिलबी गार होईपर्यंत सांगतात. मला मधुमेह असल्यामुळे हे प्रवचन नेहमी माझ्याच बशीवर.

एकदा त्यांनी सहा आठवडे खपून साखरेत मुरवलेलं प्रथिन तयार केलं. आता हवी होती माणसाची ताजी चरबी. करोंदच्या एका इस्पितळात एक बाई आपल्या ऑपरेशनमधली थोडी चरबी द्यायला राजी झाल्या. ती आणायची कामगिरी, दुर्दैवानं, माझ्यावर आली. "सरळ या, भाऊजी, कुठे थांबू नका." पण ऊन मे महिन्याचं! माल नासेल, या काळजीनं मी लस्सीवाल्याकडे थांबून बर्फ मागितला.

"को खाँ, मछली है क्या?" त्यानं भोपाळी थाटात विचारलं.

"नहीं, चर्बी है."

"किसकी?"

"नाम नहीं बताया."

त्यानं पैसे न घेता बर्फ दिला.

मेहुण्यांनी चरबीचा डबा उघडला आणि आतला बर्फ बघून ते खालीच बसले. या पेशींना अंगाची ऊब लागते, बर्फात त्या मरतात, हे मला तेव्हा कळलं. "आधी सांगायचं नाही का?" मी उलट त्यांनाच विचारलं. "विरजण लावून फ्रीजमध्ये ठेवू नका, असं कुणी सांगतं का, भाऊजी?" मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "त्या बाईंना काय सांगू आता?"

प्रथिन फ्रीजरमध्ये गेलं, प्रयोग अडला. पावसाळ्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा चरबी देण्याच्या संमतीच्या कागदावर मी आपण होऊन सही केली. माझी चरबी मेहुण्यांनी स्वतः नेली, शर्टाच्या आत, पोटाशी धरून.

पुढे एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या माझ्या पेशी चकाकत होत्या. साखरेत मुरवलेल्या त्या प्रथिनात ठेवलेल्या पेशी त्या याच. प्रवचन सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. होईना.

"इन्सुलिन देऊन बघितलं?" मीच विचारलं.

"बघितलं."

"मग?"

"ऐकतात, भाऊजी. जरा मोठ्यानं बोलावं लागतं, इतकंच."

आणि हे मात्र ते अगदी हळू बोलले.