मामंजींचा मऊ गमला

रामनगरच्या नर्सरीतून मी ते रोप आणलं तेव्हा नवरा म्हणाला, "बनारसच्या उन्हाळी लूमध्ये हे टिकणार? काहीतरीच तुझं!" चंदेरी पानं, त्यांवर लव, हात लावला तर कोकराच्या कानासारखी मऊ. पाणी जेमतेम लागतं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं राहतं, असं नर्सरीवाला म्हणाला होता.

छतावर गमल्यात, म्हणजे कुंडीत, लावलं. ते कुजलं. दुसरं आणलं, तेही कुजलं. मी बेतानं पाणी घालत होते, तरी माती बघावी तर चिखल! "तूच घालतोस चोरून," म्हणून नवऱ्याशी भांडलेसुद्धा. बिचारा शपथा घ्यायला लागला. मग मी तिसरं आणलं. म्हटलं, आता छडा लावल्याशिवाय सोडायची नाही.

सकाळी सासऱ्यांची पूजा आटोपायच्या सुमाराला मी छतावर कपडे वाळत घालत रेंगाळले. जिन्यात पावलं वाजली. मामंजी! दृष्टी गेल्यापासून त्यांचं जिना चढणं आम्ही बंद केलं होतं. ते भिंत चाचपत, अभिषेकाच्या पाण्याचं भांडं सांभाळत वर आले. हे पाणी कुणाच्या पायाखाली जाऊ नये म्हणून आमच्याकडे गमल्यात ओततात, आणि ते काम जन्मभर त्यांचंच. त्यांनी गुलाब चाचपला, हात झटकन मागे घेतला. मग मऊ पानं लागली, चेहरा खुलला, आणि सगळं भांडं तिथेच रिकामं झालं.

"अहो मामंजी, किती दिवस चाललंय हे?"

ते दचकले. "रागावू नकोस गं. हे एकच रोप हाताला टोचत नाही. एवढं एक काम तरी माझं मला करू दे."

मला रडूच आलं. नवऱ्याला सांगितलं, तर तो संध्याकाळी छताच्या दाराला कुलूप घेऊन हजर. "पडले म्हणजे?" त्याचंही खोटं नव्हतं. पण मी हटले नाही, कुलूप लावूच दिलं नाही. जिन्याला धरायला जाड दोर बांधून घेतला. मऊ पानांचा गमला नवी माती भरून दाराशीच ठेवला, त्याला चिकटून उजवीकडे तुळस. "आधी ह्या मऊ पानांवर हात, मग उजवीकडे तुळशीला पाणी," मामंजींना समजावलं. रोज मी एक पायरी मागे चालते, त्यांना कळू देत नाही.

उन्हाळा सरला. रोप गमलाभर पसरलंय.

नवऱ्यानं मध्यंतरी विचारलं, "त्या कुलपाची किल्ली कुठंय गं?"

"गंगामाईला विचार," म्हटलं. रामघाटाच्या पायऱ्यांवरून मी ती केव्हाच भिरकावली होती.