गोळीवरचा उतारा

मी नर्स आहे. घाटंजीकडच्या गावांत आणि तांड्यांवर फिरते. कॅन्सरचे जे रोगी शेवटी घरीच राहतात, त्यांचं दुखणं आटोक्यात ठेवणं हे माझं काम. यवतमाळला आमच्या घरी सगळे कचेरीत नोकऱ्या केलेले, हळू बोलणारे. घराण्याचा सगळा राग बहुधा माझ्याच वाट्याला आला.

एका तांड्यावर एक म्हातारा होता. कॅन्सर हाडांत पसरलेला. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस पुन्हा खाटेवर बसून लोकांची थट्टा करू लागला. मी दिसले की ओरडायचा, "आली वं सुईवाली, लपवा मले!" धाकटी लेक त्याच्यापाशी राहायची. गोळी कधी द्यायची, किती द्यायची, तिला पाठ होतं.

सणाला बाकीच्या लेकी माहेरी आल्या आणि घोळ झाला. माहेरी आलेल्या लेकीनं बापाला आपल्या हातानं भरवायचं, ही त्यांच्या घरची रीत. एकीनं भरवलं म्हणून दुसरी कशी मागे राहील? धाकटी पाण्याला गेली होती, तेवढ्यात घासाबरोबर प्रत्येकीनं मायेनं गोळीही दिली.

मी पोचले तेव्हा सगळ्या खूश होत्या. "लय दिवसानं बा गाढ झोपला, सिस्टर." मला ते घोरणं झोपेचं वाटलं नाही; वाकून पापणी उघडून बघितली. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, कितीही हलवलं तरी जाग नाही. एक श्वास झाला की पुढचा येतो की नाही, याची वाट बघावी लागत होती.

मॉर्फिनवर उतारा आहे, नॅलोक्सोनचं इंजेक्शन. एरवी ते तालुक्याच्या दवाखान्यात कपाटात असतं. मी हुज्जत घालून एक माझ्या पिशवीत ठेवून घेतलं होतं. डॉक्टरांना फोन लावला. "थोडं थोडं द्या, श्वास नीट सुरू झाला की थांबा," ते म्हणाले. दिलं, थांबले, पुन्हा दिलं. छाती नीट हलू लागली. म्हातारा जागा झाला, आणि त्याच्याबरोबर दुखणंही जागं झालं.

"काहून उठवलं मले?" तो कळवळून म्हणाला. मला रडू आलं. इंजेक्शनचा जोर आधी ओसरतो आणि गोळीचा मागे राहतो, श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून गाडी बोलावून त्याला दवाखान्यात नेलं.

तो त्यातून सावरून घरी आला खरा, पण धाकटीनं गोळ्यांना हात लावणंच सोडलं. म्हातारा दिवसभर विव्हळायचा, ती दाराशी बसून रडायची. मी रागावले तेव्हा म्हणाली, "तुमी त्या दिवशी आल्या म्हणून वाचला. ते इंजेक्शन तुमच्यासंग निंगून जाते. मंग आमच्यापाशी काय राह्यते?"



तालुक्याच्या दवाखान्यातल्या बैठकीत मी ते इंजेक्शन तांड्यावरच ठेवायचा विषय काढला. एक साहेब म्हणाले, "तांड्यावर असलं औषध? लोक त्याची नशा करतील." माझं डोकंच फिरलं. "साहेब, यानं नशा चढत नाही, उतरते. आणि तिकडे श्वास थांबला तर तुमचं कपाट चालत जाणार आहे का?"  डॉक्टर मात्र माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांनी स्वतः तांड्यावर येऊन तिथं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला आणि धाकटीला सुई कशी टोचायची, श्वास कसा बघायचा, दवाखान्याला कधी कळवायचं ते शिकवलं. इंजेक्शन आशाताईच्या घरी राहिलं, म्हाताऱ्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून.

त्याच दुपारी धाकटीनं बापाला गोळी दिली.  हळूहळू त्याचं कण्हणं थांबलं, कपाळावरच्या आठ्या गेल्या, डोळे मिटले. ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बसली. मी खुणेनं सांगितलं, ठीक आहे, तरी बोट काढेना.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर, सांगा ना इले. जिता हाय मी. आता झोपू दे म्हणा."